आमच्या माळाच्या गवतासाठी खनिज निधी मिळवताना

गेल्या काही महिन्यांत मोहोळ, अक्कलकोट, बार्शीकडच्या गावांतून मला फोन येतात. प्रश्न साधारण एकच असतो. "बाई, तुमच्या गायरानाला खाणीचा निधी मिळाला म्हणे, अर्ज कुठं करायचा?" फोनवर अर्धा तास बोलूनही निम्मं सांगायचं राहून जातं, म्हणून घडलं तसं लिहून काढते आहे. पहिल्यांदा कचेरीची पायरी चढले तिथपासून पहिला हप्ता खात्यावर पडेपर्यंत सोळा महिने गेले. त्यातले निदान सहा महिने आम्हाला माहिती नव्हती म्हणून गेले. तुमचे तरी ते वाचावेत.

आमचं गाव उत्तर सोलापूर तालुक्यात. नान्नजचं माळढोक अभयारण्य 1979 सालचं. आमचं गाव त्याच्या हद्दीबाहेर आहे, पण माळ त्याच जातीचा. पाऊस वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. गावाच्या वरच्या अंगाला 62 हेक्टर गायरान आहे. मी चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, पण निवृत्त होईपर्यंत या गायरानावर मी कामाशिवाय कधी गेले नव्हते. सातबाऱ्याच्या भाषेत असली जमीन म्हणजे पोटखराब. आमच्या बोलण्यातही तोच शब्द. माळ म्हणजे पडीक, एवढंच आम्हाला ठाऊक.

गायरानाला लागून एकाच्या मालकीच्या चार हेक्टरात दगडखाण आणि खडी क्रशर आहे. जानेवारी 2024 मध्ये खाणीचं तोंड गायरानाच्या बाजूला सरकलं आणि हायवा गाड्यांनी गायरानातून नवी वाट पाडली. त्याच आठवड्यात मेंढपाळ तात्या मला शाळेच्या कट्ट्यावरून उठवून माळावर घेऊन गेले. त्यांनी वाटेकडेच्या गवताच्या थोंबावर काठी मारली. पिठाच्या गिरणीत पोतं झटकल्यावर उडावा तसा पांढरा धुरळा उडाला. मग दुसऱ्या थोंबावर, मग तिसऱ्यावर. "बाई, गवताला रोग न्हाई. पर मेंढरू तोंड लावंना. लावलं तर दातात कचकच." त्यांनी एक म्हातारी मेंढी धरली, तिचा ओठ वर करून दाखवला. पुढचे दात हिरडीपर्यंत झिजलेले. धुळीनेच झिजले की वयाने, ते मला सांगता येणार नाही. पण तात्या कळपात वाढलेले आहेत आणि त्यांना ते ठरलेल्या वेळेच्या आधीचं वाटत होतं.

तिथेच त्यांनी धाविक पक्ष्याची जागा दाखवली. घरटं म्हणावं असं काही नसतं, उघड्या जमिनीवर नुसती अंडी. आदल्या उन्हाळ्यात तिथे अंडी होती. आता तिथून टायरचे पट्टे गेले होते.

फेब्रुवारी 2024 मध्ये मी आणि ग्रामपंचायतीच्या एक सदस्य ताई सोलापूरला गेलो. एसटीत महिलांना अर्धं तिकीट, त्यामुळे प्रवासाचं ओझं फार नव्हतं. ओझं होतं ते दिवस मोडण्याचं. आम्ही सरळ वन विभागात गेलो, कारण झाडं-प्राणी म्हटलं की तेच डोक्यात येतं. तिथल्या वनपालांनी शांतपणे समजावलं. वनजमीन खाणीसाठी वळवली तर वन संवर्धन कायदा लागतो, वळवणाऱ्याला भरपाई वनीकरणाचा खर्च आणि जमिनीचं निव्वळ वर्तमान मूल्य भरावं लागतं, तो पैसा 2016 च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या निधीत जातो. तुमची खाण खासगी जमिनीवर, तुमचं गायरान महसूलचं. इथे त्यातलं काहीच लागू नाही. ते म्हणाले, "तुम्ही गौण खनिजाच्या शाखेत विचारा. तिथं जिल्हा खनिज प्रतिष्ठान म्हणून असतं." हे नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

ते नेमकं काय आहे हे कळायला मला महिना लागला. 2015 साली खाण कायद्यात दुरुस्ती झाली आणि प्रत्येक खाण-जिल्ह्यात असं प्रतिष्ठान काढायचं ठरलं. खाणवाला सरकारला जे स्वामित्वधन (रॉयल्टी) भरतो, त्यावर आणखी एक ठरलेला भाग या प्रतिष्ठानाला द्यायचा आणि तो खाणीमुळे ज्यांना झळ बसते त्यांच्यासाठी खर्च करायचा. आपल्याकडे दगडखाणीसारख्या गौण खनिजाला तो भाग स्वामित्वधनाच्या 10 टक्के. दगडाचं स्वामित्वधन तेव्हा ब्रासमागे, म्हणजे शंभर घनफुटांमागे, 600 रुपये, म्हणजे प्रतिष्ठानाचे 60. एका हायवात चार ब्रास धरली तरी 240 रुपये. मी एक दिवस ओट्यावर बसून गाड्या मोजल्या. सकाळी सात ते संध्याकाळी सहा, एकोणतीस. एकोणतीस गुणिले 240 हा हिशेब मी वहीत लिहिला आणि पुढे प्रत्येक बैठकीला ती वही बरोबर नेली. गावातल्या माणसांना कायद्याचं कलम सांगण्यापेक्षा दारावरून गेलेल्या गाड्यांचा हिशेब पटकन समजतो.

माझी भाची पुण्यात पर्यावरणशास्त्र शिकते. तिला फोन केला तर ती म्हणाली, "मावशी, जगात याला जैवविविधता भरपाई म्हणतात." तिने मादागास्करची गोष्ट सांगितली. तिथे अंबातोवी नावाची निकेल-कोबाल्टची मोठी खाण आहे. खाणीसाठी सुमारे दोन हजार हेक्टर जंगल गेलं, त्याबदल्यात कंपनीने दुसरीकडची जंगलं तोडीपासून राखण्याचं काम घेतलं, गावकऱ्यांना बरोबर घेऊन. वेल्समधल्या बँगर विद्यापीठाच्या संशोधकांनी 2022 मध्ये उपग्रहाच्या नोंदींवरून हिशेब मांडला, तेव्हा जितकं जंगल गेलं तितकी तोड रोखली जाण्याच्या मार्गावर ती कंपनी असल्याचं दिसलं. मला ऐकून बरं वाटलं. पण भाचीने पुढचंही सांगितलं. त्या राखलेल्या जंगलाच्या कडेला राहणारी माणसं जंगल कापून, जाळून भात लावायची. त्यांच्यावर बंदी आली, आणि खाण ज्यांनी पाहिलीही नाही त्यांनी खाणीची किंमत भरली, अशी त्यांची तक्रार अभ्यासकांनी नोंदवून ठेवली आहे.

हे ऐकल्यावर मी दोन गोष्टी ठरवल्या. तात्या आणि बाकीचे मेंढपाळ ज्याला हो म्हणत नाहीत असं एकही कलम प्रस्तावात घालायचं नाही. आणि जे गेलं त्याच जातीचं परत मागायचं. गवत गेलं असेल तर गवतच.

6 मार्चला माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो. माझा पहिला मसुदा तीन पानी होता, तो मी स्वतःच फाडला. मागितलं एवढंच: या गट नंबरातल्या खाणीचा परवाना, पर्यावरण मंजुरीचं पत्र आणि तिच्या अटींचे सहामाही अहवाल. उत्तर 5 एप्रिलला आलं, पानामागे दोन रुपये भरून 46 पानं मिळाली. फेब्रुवारी 2012 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पाच हेक्टरच्या आतल्या गौण खनिजाच्या खाणीलाही पर्यावरण मंजुरी लागते, आणि अटी पाळल्याचा अहवाल दर 1 जून व 1 डिसेंबरला द्यायचा असतो, हे मला त्या कागदांच्या निमित्ताने कळलं. मंजुरीपत्रात लिहिलं होतं: वाटेवर पाणी मारणे, गाड्या ताडपत्रीने झाकणे, भोवती हरितपट्टा. अहवालात "पूर्तता केली" असं छापलेलं. हरितपट्ट्यासमोर झाडांची संख्या होती. गायरानातल्या वाटेचा उल्लेख कुठेच नव्हता.

दरम्यान 16 मार्चपासून लोकसभेची आचारसंहिता लागली होती. कचेरीत कुणाला विचारलं तर उत्तर एकच, "जूननंतर या." ती वेळ वाया गेली असं तेव्हा वाटलं. आता वाटतं, त्याच अडीच महिन्यांत खरं काम झालं.

कारण आम्हाला कळलं की प्रस्ताव कुणाच्या नावाने द्यायचा हेच ठरलेलं नाही. एकटी व्यक्ती म्हणून मी अर्ज करू शकत नव्हते. ग्रामपंचायत करू शकते, आणि तिच्या मागे जैवविविधता व्यवस्थापन समिती असली तर अर्जाला वजन येतं. 2002 च्या जैविक विविधता कायद्याने ही समिती प्रत्येक ग्रामपंचायतीत असायला हवी. आमच्याकडेही होती, कागदावर. तिची लोकजैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातली झाडं, गवतं, पशुपक्षी लिहून ठेवायची वही, तीसुद्धा कपाटात होती. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 31 जानेवारी 2020 ची मुदत घातली तेव्हा सगळीकडे या वह्या घाईने झाल्या, तशी आमचीही एका बाहेरच्या माणसाने करून दिली होती.

वही मी ग्रामपंचायतीच्या ओसरीवर बसून वाचली. आमच्या गावच्या झाडांत पहिलं नाव साग. दुसरं ऐन. आमच्या शिवारात सागाचं एक झाड नाही. हिवर नव्हता, नेपती नव्हती, तरवड नव्हता. गवतांच्या पानावर दोन ओळी, "विविध प्रकारचे गवत". लांडगा, खोकड, काळवीट, चंडोल, पखुर्डी, काहीच नाही. कुठल्या तरी डोंगराळ गावची वही आमच्या नावाने शिवली होती. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. खाणीने माळ खाल्ला ते डोळ्यांनी दिसलं, पण कागदावर तर तो आधीपासूनच नव्हता.

तुम्ही असं काही करणार असाल तर पहिली सूचना हीच की आपल्या ग्रामपंचायतीतली नोंदवही काढून आधी ती वाचा. ती चुकीची असेल तर पुढे कुठलीही मागणी करताना तुमचाच कागद तुमच्या विरुद्ध बोलतो.

जून 2024 मध्ये समितीची नव्याने बांधणी झाली. एक तृतीयांश महिला लागतात. आम्ही निम्म्या घेतल्या, कारण शेण, जळण, बोरं यांसाठी माळावर रोज जाणाऱ्या बायकाच. सोलापुरातल्या एका महाविद्यालयाचे वनस्पतिशास्त्राचे सर तीन रविवार आले, मानधन घेतलं नाही, फक्त जेवण. कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही. जुलै ते सप्टेंबर आम्ही माळ फिरून लिहून काढला. गवत फुलोऱ्यावर असल्याशिवाय ओळखता येत नाही, म्हणून हे काम पावसाळ्यातच करायचं. उन्हाळ्यात गेलात तर सगळं एकच पिवळं दिसतं. मारवेल, पवन्या, डोंगरी, कुसळ अशी चौदा गवतं निघाली. नावं सांगायला तात्या आणि त्यांची सून, लॅटिन नावं लिहायला सर. नान्नजच्या बाजूचे एक पक्षीनिरीक्षक येऊन पक्ष्यांची यादी करून गेले. माळढोक आमच्याकडे कुणालाच दिसला नाही. म्हाताऱ्यांनी पूर्वी पाहिला होता, ती आठवण वेगळ्या पानावर, आठवण म्हणूनच लिहिली.

15 ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव मांडला. सोपं गेलं नाही. एका गटाला गायरानावर झाडं लावून हवी होती, कारण झाडांना योजना मिळते. एकाला तिथे सभागृह हवं होतं. खाणीवर गावातली वीस-बावीस माणसं कामाला आहेत, त्यांना वाटलं खाण बंद करायचा डाव आहे. खाणीचे मालक स्वतः आले होते. ते म्हणाले, "आम्ही पैसा भरतोच की. तो गावाला आला तर आमचं काय जातंय?" त्यांचं ते वाक्य कामाला आलं. मी वहीतला 240 रुपयांचा हिशेब वाचून दाखवला. तात्या उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, "कुंपण घातलंसा तर मी पयला काढीन." तिथेच ठरलं: कुंपण नाही. माळाचे तीन भाग करायचे, दर पावसाळ्यात एक भाग जुलै ते ऑक्टोबर चराईला बंद, बाकीचे दोन उघडे. बंद भाग कुठला ते मेंढपाळ ठरवणार. ठराव मंजूर झाला तेव्हा दुपारचे तीन वाजले होते.

गायरानाच्या बाबतीत एक हत्यार जवळ ठेवा. गावच्या सामाईक जमिनी राखाव्यात असं सांगणारा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी 2011 चा निकाल आहे, जगपालसिंग विरुद्ध पंजाब राज्य. सभागृहाची मागणी त्या निकालाची प्रत दाखवल्यावर मागे पडली.

सप्टेंबर कागदांत गेला. सातबारा, गाव नकाशा, गट नकाशाची प्रत, ग्रामसभेच्या ठरावाची सही-शिक्क्याची नक्कल, समितीचा ठराव, बँक खातं. खात्याला तीन आठवडे लागले, कारण बँकेच्या यादीत जैवविविधता व्यवस्थापन समिती हा प्रकारच नव्हता. कायद्यात स्थानिक जैवविविधता निधीची तरतूद आहे, त्या कलमाची प्रत जोडल्यावर खातं उघडलं. मग 15 ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली. पुन्हा थांबलो. 20 नोव्हेंबरला मतदान झालं. 9 डिसेंबर 2024 ला प्रस्ताव आवक-जावकला दिला आणि पोच घेतली.

पोच घ्याच. शिक्का, तारीख, क्रमांक. आमची फाईल एका कार्यालयात पंधरा दिवस सापडत नव्हती. कुठल्या ते लिहीत नाही, कारण शोधून देणारी माणसंही तिथलीच होती. पोचेवरचा क्रमांक नसता तर आम्ही पुन्हा ऑगस्टपासून सुरू केलं असतं.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला बसले ती. केंद्राच्या जानेवारी 2024 च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांप्रमाणे खाणीपासून 15 किलोमीटरच्या आतलं क्षेत्र प्रत्यक्ष बाधित धरतात, 25 पर्यंतचं अप्रत्यक्ष. किमान 70 टक्के निधी उच्च प्राधान्याच्या कामांसाठी, आणि त्यात पिण्याचं पाणी, आरोग्य, शिक्षण यांच्याबरोबर पर्यावरण संवर्धन आणि प्रदूषण नियंत्रण हेही आहे. आम्ही त्यातच बसत होतो. तरी 2 जानेवारी 2025 ला फाईल त्रुटी काढून परत आली. त्रुटी पाच. चार किरकोळ होत्या. पाचवी अशी: "लावावयाच्या झाडांची संख्या नमूद नाही."

मी विहित नमुना पुन्हा पाहिला. खरंच रकाना होता. झाडांची संख्या, प्रजाती, खड्ड्यांचं माप, जिवंत रोपांची टक्केवारी. गवताला रकाना नव्हता. अंदाजपत्रकाला तांत्रिक मान्यता हवी तर कामाचे दर दरसूचीत हवेत. तिथे खड्डा खोदण्याचा दर आहे, रोपाचा आहे, पाणी घालण्याचा आहे, गवताचं बी गोळा करण्याचा नाही. एका भल्या अभियंत्याने सुचवलं, "बाई, पाच हजार झाडं दाखवा, बाकी गवताचं आत बसवून टाकू." फाईल लगेच पुढे गेली असती. त्या रात्री मला झोप लागली नाही. पाच हजार खड्डे म्हणजे माळाची पाच हजार ठिकाणी साल काढणं. गिरिपुष्प लावून त्या उघड्या माळाचं रान केलं की धाविक येत नाही, चंडोल येत नाही, मेंढरांना चारा राहत नाही. जे खाणीने चार हेक्टरात केलं ते आम्ही भरपाईच्या नावाने साठ हेक्टरात केलं असतं.

समितीची बैठक घेतली. सगळ्यांनी नाही म्हटलं. तात्यांची सून म्हणाली, "ल्हिवा की, झाडं शून्य." तसंच लिहिलं. संख्येच्या रकान्यात 0, आणि सोबत दोन पानी टिपण: हे क्षेत्र नैसर्गिक गवताळ माळ आहे, इथे झाड लावणं हे नुकसान आहे, नोंदवहीतील गवतांची आणि पक्ष्यांची यादी जोडली आहे. दरासाठी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातल्या गवत संशोधनाच्या कामाचा आधार घेतला. तिथून मारवेलच्या ठोंबांचे दर लेखी मिळाले, तेच अंदाजपत्रकाला लावले. झाडाचा दर नसेल तर चाऱ्याचा दर शोधा. शेती आणि पशुसंवर्धनाच्या कागदांत तो सापडतो.

गड्ड्याची यात्रा उरकल्यावर, 23 जानेवारीला स्थळपाहणी झाली. आलेले अधिकारी तरुण होते. त्यांनी माळावर उभं राहून विचारलं, "पण इथे काम काय दिसणार? फोटो कशाचा काढायचा?" प्रश्न प्रामाणिक होता, त्यांनाही वर उत्तर द्यायचं होतं. तात्या वाकले, कुसळीचं एक बी उपटलं. कुसळ आम्हाला वाढवायचं नाही, ते मेंढराच्या कातडीत घुसतं, पण दाखवायला तेच सोपं. बियाला मागे काळी पिळदार शेपटी असते. त्यांनी ते साहेबांच्या तळहातावर ठेवलं आणि बाटलीतलं पाणी बोटाने दोन थेंब टाकलं. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग शेपटी हलली. हळूहळू गोल फिरायला लागली, घड्याळाचा काटा फिरावा तशी, आणि टोकदार बी तळहातावर टोचायला लागलं. साहेबांनी हात मागे घेतला नाही. बघत राहिले. "पाऊस पडला की ह्ये असंच भुईत शिरतंय," तात्या म्हणाले. "खड्डा कशाला?"

पाहणी अहवालात त्यांनी काय लिहिलं ते मला मार्चमध्ये वाचायला मिळालं. "क्षेत्र गवताळ असून वृक्षलागवडीस अयोग्य. गवत पुनरुज्जीवन प्रस्तावित." एवढ्या एका ओळीसाठी मी त्यांची ऋणी आहे.

पुढचं भराभर झालं. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर प्रस्ताव गेला. आम्ही दोन वर्षांसाठी 9 लाख 60 हजार मागितले होते, 6 लाख 20 हजार मंजूर झाले. पाणी मारण्याचा टँकर कापला, कारण ते खाणमालकाचंच काम, मंजुरीच्या अटीत आहे. ते बरोबरच होतं, आणि त्या शेऱ्याचा उपयोग करून आम्ही मालकांना पत्र दिलं; मे महिन्यापासून वाटेवर दिवसातून दोनदा पाणी पडतं. गायरानातली वाटही त्यांनी सोडली, जुन्या रस्त्याने गाड्या जातात. प्रशासकीय मान्यतेचं पत्र 27 मार्च 2025 चं. पहिला हप्ता 40 टक्के, 2 लाख 48 हजार, 11 जूनला खात्यावर आला.

माझ्या आणि समितीच्या खिशातून या सोळा महिन्यांत गेले ते 9,340 रुपये. झेरॉक्स, नकला, प्रवास, सरांच्या मुक्कामाचा एक दिवस, मोजणीच्या वेळचा चहा. मोजणीची फी ग्रामपंचायतीने भरली. कुणालाही वेगळं काही द्यावं लागलं नाही, हे मुद्दाम लिहिते, कारण फोनवर बरेच जण तेच हळू आवाजात विचारतात.

पैसे आले तेव्हा पाऊस चार दिवसांवर होता. आदल्या हिवाळ्यात बायकांनी गोळा केलेलं मारवेल-पवन्याचं बी शाळेच्या जुन्या खोलीत सुती पोत्यांत ठेवलं होतं. प्लास्टिकच्या पोत्यात ठेवलेलं दोन पोती बी बुरसटलं, ते टाकावं लागलं. तुम्ही ती चूक करू नका. नुसती माती खरवडून, बी शेणमातीत कालवून टाकलं. वेडी बाभूळ मुळासकट काढायला अकरा दिवस लागले, मजुरीचा सर्वांत मोठा खर्च तोच. दोन राखणदार नेमले, दोघंही मेंढपाळांच्या घरातले.

ऑगस्टमध्ये एक खटका उडाला. बाहेरगावचा एक कळप रात्री बंद भागात शिरला. राखणदाराने कळप अडवला, शब्दाने शब्द वाढला. सकाळी तात्यांनी त्या मेंढपाळांना बोलावून घेतलं, उघडा भाग दाखवला, पाण्याची जागा दाखवली. दंडाची तरतूद ठरावात होती, वापरली नाही. मला तेव्हा ते पटलं नव्हतं. तो कळप सप्टेंबरमध्ये पुन्हा आला तेव्हा सरळ उघड्या भागात गेला.

गेलेले चार हेक्टर परत आलेले नाहीत आणि येणारही नाहीत. खाणीचा खड्डा आता इतका खोल आहे की वरून पाहिलं तर खालची गाडी खेळण्यातली वाटते. गायरानावर जे होतंय त्याला त्या खड्ड्याची भरपाई म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण ऑक्टोबरमध्ये आम्ही बंद भागातल्या मीटरभर चौकोनातलं गवत कापून तराजूत टाकलं, आणि शेजारच्या उघड्या भागातलंही. बंद भागातलं 610 ग्रॅम, उघड्यातलं 240. अशा दहा जागा मोजल्या, सगळ्यांचे आकडे वहीत आहेत. गवत कापताना दोनदा चंडोल पायातून उठला.

दुसऱ्या हप्त्यासाठी उपयोगिता प्रमाणपत्र, अक्षांश-रेखांशासह फोटो आणि प्रगती अहवाल लागतो. अहवालाच्या नमुन्यात "जिवंत झाडांची टक्केवारी" हा रकाना अजून तसाच आहे. त्यात मी "लागू नाही" लिहिलं, आणि खाली हाताने एक नवी ओळ आखली: "प्रति चौरस मीटर गवत, ग्रॅममध्ये." दिवाळी झाल्यावर, 28 ऑक्टोबरला फाईल दिली. टेबलावरच्या ताईंनी ती ओळ वाचली, वर पाहिलं, आणि शिक्का मारला. पोच माझ्याकडे आहे.